बावीस पायऱ्या

नागपुरात हिंगणा रस्त्यावर, शहर संपता संपता जी वस्ती लागते, तिथल्या एका वृद्धाश्रमात माझ्या काकू राहतात. काका गेल्यावर महाल भागातले घर विकले गेले, मुलगा बंगळुरूला स्थायिक झाला, आणि ‘कोणाच्या घरी पाहुणी म्हणून राहण्यापेक्षा पैसे भरून माझ्या स्वतःच्या खोलीत राहीन’ असे काकूंनी स्वतःच ठरवले. त्यामुळे त्यांच्या तिथे असण्याची मला हळहळ वाटत नाही आणि हा लेखही त्या हळहळीचा नाही. आश्रम चांगला आहे. वरण-भात गरम मिळतो, चादरी स्वच्छ असतात, उन्हाळ्यात प्रत्येक खोलीला कूलर लागतो आणि रात्री हाक मारली तर कोणीतरी येते. पहिले दीड वर्ष मी दर रविवारी जात होते आणि दर रविवारी एकच शब्द इतक्या वेळा ऐकत होते की परतताना ऑटोतही तो कानात वाजत राहायचा. तो शब्द म्हणजे ‘सांभाळून’. आजी, सांभाळून. काका, तुम्ही उठू नका, मी आणून देते. तिकडे ओलं आहे, सांभाळून.

म्हणणाऱ्या मावश्या हे मनापासून म्हणत, आणि त्यांचे चुकत होते असेही नाही, कारण कोणी पडले तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. पण ज्या काकू वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत महालातून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पायी जाऊन भाजीच्या दोन पिशव्या घेऊन येत, त्याच काकू दीड वर्षात मी समोर आले की खुर्चीतून उठण्यासाठी आपोआप हात पुढे करू लागल्या. मधल्या काळात त्यांना कोणताही मोठा आजार झाला नव्हता. त्यांना कोणी उठूच दिले नव्हते, एवढेच झाले होते.

आश्रमाचा दिवस व्हरांड्यात जातो. भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची लांब रांग आणि समोर टीव्ही. नाश्ता झाला की सगळे तिथे येऊन बसत, जेवायला उठत, वामकुक्षीनंतर पुन्हा बसत. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ सालचा जो कायदा आहे, त्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय असलेले आश्रम सरकारला उभारता येतील असे म्हटले आहे, आणि तिथल्या सेवांचा उल्लेख करताना ‘वैद्यकीय सेवा आणि मनोरंजनाची साधने’ अशी जोडी घातली आहे. सरकारी असो की खासगी, बहुतेक ठिकाणी या जोडीचा अर्थ गोळ्यांचा डबा आणि टीव्ही असाच लावला जातो. वाढदिवसाला येणारे दाते फळे वाटतात, बिस्किटांचे पुडे वाटतात, फोटो काढतात आणि जातात. देणारे पुष्कळ असतात. तुम्ही आमच्यासाठी काही करून दाखवा, असे मात्र या माणसांना कोणी म्हणत नाही.

मी ३३ वर्षे शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते, म्हणजे मुलांच्या भाषेत पीटीच्या बाई. निवृत्त झाल्यावर वेळ होता, म्हणून आठवड्यातून तीन दिवस व्यायामाचा वर्ग घेऊ का, असे व्यवस्थापकांना विचारले. ते म्हणाले, ‘घ्या मॅडम, पण हलका घ्या, कोणी पडलं नाही पाहिजे.’ संक्रांतीनंतरच्या सोमवारी मी शिट्टी घेऊन गेले आणि पहिल्याच दिवशी नापास झाले. दोन्ही हात वर, दोन्ही हात खाली, मान डावीकडे, मान उजवीकडे, शेवटी टाळ्या. सोळा जण मुकाट्याने करत होते. सतराव्या खुर्चीतल्या बाबांनी हात मांडीवरून हलवलेसुद्धा नाहीत. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये या बाबांचे सगळे तारुण्य गेले होते आणि आश्रमात त्यांना ‘मिलवाले बाबा’ म्हणूनच ओळखतात.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘आमी मागावर आठ-आठ घंटे उभे राहत होतो. आता तुमी आमाले हात वर, हात खाली शिकवून राहिल्या. हे समदे माशा हाकलून राहिल्यावानी दिसते.’

व्हरांडा हसला आणि मीही हसले, पण घरी जाताना ते वाक्य टोचत राहिले, कारण ते खरे होते आणि मला ते ठाऊकही होते. ज्या कामाने स्नायूला कष्ट पडत नाहीत, त्या कामाने स्नायू वाढत नाही, हा नियम मी तेरा वर्षांच्या मुलांना फळ्यावर लिहून देत असे. ऐंशीच्या माणसाला तो लागू नसेल असे मी न विचारताच धरून चालले होते. वास्तविक बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रात मारिया फियातारोने या डॉक्टरबाईंनी १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या १० रहिवाशांना पायांचे व्यायाम दिले, तेही हलके नव्हे, तर त्यांना एका वेळी जास्तीत जास्त उचलता येणाऱ्या वजनाच्या जवळजवळ ८० टक्क्यांपर्यंत नेऊन. आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पुढे १९९४ मध्ये त्यांनी १०० जणांवर हाच प्रयोग केला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. त्यातही ज्यांनी व्यायाम केला त्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली आणि चालही सुधारली. ज्यांना नुसता पौष्टिक आहार वाढवून दिला, त्यांना त्याचा फायदा झाला नाही. आश्रमात येणाऱ्या फळांच्या टोपल्या पाहिल्या की मला हे शेवटचे वाक्य हटकून आठवते.

मग मी शिट्टी घरी ठेवली आणि खुर्चीपासून सुरुवात केली. हात छातीवर आडवे बांधायचे, पाय जमिनीवर घट्ट रोवायचे, थोडे पुढे झुकायचे, हाताचा आधार न घेता उभे राहायचे आणि धपकन न बसता सावकाश खाली यायचे. अर्ध्या मिनिटात असे किती वेळा जमते ते मोजायचे. ही जगभर वापरली जाणारी साधी चाचणी आहे. ८० ते ८४ वयाच्या बाईला त्यात ९ पेक्षा कमी वेळा उठता आले, तर तिचा पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजतात. काकू तेव्हा ८२ वर्षांच्या होत्या. त्यांचा आकडा शून्य आला. हात टेकवून चार.

त्यांना तो आकडा फार लागला. मला म्हणाल्या, ‘बाहेर कोणाला सांगू नको.’ आणि थोड्या वेळाने आवाज खाली आणून त्यांनी जे सांगितले, त्यावरून मला या सगळ्या खटाटोपाचे कारण कळले. रात्री बाथरूमला जायचे तर मावशीला उठवावे लागते, मावशी आत येते, उठवायलाही मावशी आणि बसवायलाही मावशी; म्हणून त्या संध्याकाळी पाचनंतर पाणी पीत नव्हत्या. नागपुरात, मार्चच्या तोंडावर. आपण व्यायामाचे फायदे सांगताना रक्तदाब, साखर, हाडे अशी नावे घेतो. खुर्चीतून आणि कमोडवरून आपल्या बळावर उठता येणे ही गोष्ट त्या यादीत कोणी लिहीत नाही. व्हरांड्यातल्या बायकांना मात्र न सांगता कळली. दुसऱ्या दिवशी उठाबशांना बावीस जण होते.

उठाबशा हा शब्दही मीच चुकून वापरला. त्यावर कोपऱ्यातले गुरुजी, जे एका खेड्यातल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आहेत, वर्तमानपत्राआडून म्हणाले, ‘मी जन्मभर पोरांना उठाबशा काढायला लावल्या. आता कोणाच्या तळतळाटामुळे हे माझ्या वाट्याला आलं?’ ते उठले नाहीत. त्यांच्याकडे मी नंतर येते.

लेझीम माझ्या डोक्यात नव्हती. शाळेच्या अडगळीच्या खोलीत लहान मुलांच्या हलक्या लेझिमी गंजत पडल्या होत्या. त्या भंगारात निघणार असे कळल्यावर मी मुख्याध्यापिकांना विचारून चौदा घेऊन आले, चकत्या रॉकेलने पुसल्या, दांड्यांना नवे कापड गुंडाळले. लेझीम आखाड्यातली आणि म्हणून एके काळी पुरुषांची. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे आणि त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे आपले देशी व्यायामप्रकार करून दाखवले, हे विदर्भातल्या प्रत्येक पीटी शिक्षकाने अभिमानाने कधी ना कधी सांगितलेले असते. माझ्या पिढीत शाळेतल्या मुलींच्या हातात लेझीम आली. काकूंच्या पिढीत सातवीनंतर मुलीच्या हातात लाटणे आले. त्यामुळे तो खणखणता दांडा काकूंनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘ही माझ्या भावाकडे होती. मी नुसती पुसून ठेवत असे.’

चौदा जण दोन रांगांत समोरासमोर, निम्मे खुर्चीत आणि निम्मे खुर्चीच्या पाठीशी उभे. अजनीच्या रेल्वे वसाहतीत गणेशोत्सवात ढोलक वाजवणारे एक काका होते. त्यांनी बाथरूममधली बादली पालथी घातली आणि ठेका धरला. एकला लेझीम पुढे, दोनला छातीशी, तीनला उजवीकडे, चारला डावीकडे. पहिल्या दिवशी तीनला निम्म्या बाया डावीकडे गेल्या आणि शेजारणीच्या लेझिमीवर आपटल्या. तो आवाज इतका मोठा झाला की स्वयंपाकघरातून मावशी कोण पडले ते पाहायला धावत आल्या. आश्रमात मी तोपर्यंत हसू ऐकले नव्हते असे नाही, पण ते टीव्हीवरच्या कोणाला तरी पाहून आलेले असे. स्वतःच्या चुकीवर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणे मी तिथे पहिल्यांदाच पाहिले.

चुका व्हाव्यात असेच मला वाटत होते. १९९७ साली स्वीडनच्या काही संशोधकांनी निवासगृहात राहणाऱ्या ५८ वृद्धांबरोबर एक साधी गोष्ट करून पाहिली: चालता चालता त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. १२ जण उत्तर देण्यासाठी चालायचे थांबले, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. चालणे आणि बोलणे ही दोन कामे एका वेळी सांभाळताना ज्यांची ओढाताण होते, त्यांचा तोल प्रत्यक्ष आयुष्यात जातो, कारण प्रत्यक्ष आयुष्यात कोणी शांतपणे, सरळ रेषेत चालत नाही. मागून कोणी हाक मारते, फोन वाजतो, मांजर आडवे जाते. लेझीम करताना हात, पाय, मोजणी, शेजारीण आणि ठेका या पाच गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. शिवाय ती मनगटाला आणि मुठीला जो पीळ देते, तो चेंडू दाबण्याच्या कंटाळवाण्या व्यायामाने कधीच येत नाही.

योगाविषयी मला इथे एक खुलासा करावासा वाटतो. नागपूरला योगाची सवय लावण्यात रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचा मोठा वाटा आहे, आणि आश्रमातल्या तीन बायका तिथेच शिकलेल्या आहेत. त्यांची मांडी आजही माझ्यापेक्षा सरळ बसते. त्यांच्याकडे मी वर्गाची शेवटची दहा मिनिटे सोपवली. माझा राग आसनांवर नाही. म्हाताऱ्या माणसांना शांत बसवण्याची सोय म्हणून प्राणायामाचा जो उपयोग केला जातो, त्यावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे मार्गदर्शन केले, त्यात ६५ वर्षांवरच्या लोकांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यांना डोळे मिटून बसायला लावण्याआधी उभे करायला हवे.

उन्हाळ्यात वर्ग सकाळी सहाला घेतला. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आठ वाजताही व्हरांड्याची फरशी तापलेली असते, आणि वय वाढले की तहान लागल्याचे शरीर वेळेवर सांगत नाही, म्हणून आधी पाणी, मग बिस्कीट, मग उठाबशा असा क्रम ठेवला. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नुसत्या गप्पा केल्या.

आता गुरुजी. चार महिने ते रोज व्हरांड्यात येत आणि रोज बसून राहत. मला ते शाळेतल्या मैदानाच्या कडेला चिठ्ठी घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलासारखे वाटायचे, आणि त्या मुलाला मी जशी ओढून आत घ्यायची, तसे यांनाही घ्यावे असा मोह व्हायचा. तो मोह मी कष्टाने आवरला. आश्रमात आल्यापासून त्यांचे उठण्याचे, जेवणाचे, दिवा मालवण्याचे वेळापत्रक दुसऱ्यांनी ठरवलेले होते; ‘नाही’ म्हणण्याची जागा त्यांना एकट्या माझ्या वर्गातच मिळत होती. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धगृहात एलेन लँगर आणि जुडिथ रॉडिन यांनी १९७६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितले की तुमच्या खोलीची मांडणी, सिनेमा कोणत्या दिवशी पाहायचा, हे तुम्ही ठरवा, आणि हे रोप घ्या, त्याला पाणी घालणे तुमच्याकडे. दुसऱ्या मजल्यावरही रोप दिले, पण त्याची काळजी परिचारिका घेतील असे सांगितले. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक आनंदी आणि अधिक हिंडती-फिरती झाली. मी गुरुजींना रोप दिले नाही. हजेरीचे रजिस्टर दिले. कोण किती वेळा उठले, ते लिहायचे. त्यांनी लाल आणि निळी शाई मागवली. आठवडाभरात लोकांना आपला आकडा निळ्यात हवासा वाटू लागला, आणि गुरुजी आकडे नीट दिसावेत म्हणून प्रत्येक खुर्चीसमोर जाऊन उभे राहू लागले. पंचवीस खुर्च्यांसमोर उभे राहणे हाही व्यायामच आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

जूनमध्ये, पहिल्या पावसात, इतवारीच्या आजी पडल्या. वर्गात नव्हे, वर्ग संपल्यावर तासाभराने, बाथरूमच्या दारात, झिजलेल्या रबरी चपलेमुळे. उजवे मनगट मोडले. त्यांची मुलगी आली आणि मला म्हणाली, ‘या वयात नाचवायची काय गरज होती?’ मला उत्तर सुचले नाही आणि आजही सुचेल असे वाटत नाही, कारण आजी त्या दिवशी लेझीम खेळून दमल्या होत्या की नव्हत्या, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. व्यवस्थापकांनी वर्ग बंद केला. मीही रात्री जागी राहून हिशेब करत असे की सतरा वेळा मोजलेली फरशी, आधाराला ठेवलेल्या खुर्च्या, सगळे पाहिले आणि पायातल्या चपला कशा पाहिल्या नाहीत.

वर्ग तीन आठवडे बंद होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ठणठणीत असलेल्या १२ वयस्कर माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस झडले. आमची माणसे अंथरुणात नव्हती, फक्त पुन्हा टीव्हीसमोर होती. वर्ग पुन्हा सुरू झाला त्या दिवशी गुरुजींच्या रजिस्टरात लाल शाई पुष्कळ लागली. जूनच्या सुरुवातीला हात न टेकवता पाच वेळा उठणाऱ्या काकू दोनवर आल्या होत्या.

तो सुरू झाला यात माझे कर्तृत्व फार नाही. इतवारीच्या आजी प्लास्टर घालून व्हरांड्यात आल्या आणि त्यांनी व्यवस्थापकांना एवढेच सांगितले की माझी लेझीम कोणाला देऊ नका, हिरव्या कापडाची माझी आहे. त्या पडण्यामुळे मात्र जे आधीच व्हायला हवे होते ते झाले. बाथरूममध्ये पकडायला दांडे बसले, टाचेला पट्टा असलेल्या चपला आल्या, रात्रीचा छोटा दिवा लागला, आणि येणाऱ्या डॉक्टरांनी प्रत्येकाचा रक्तदाब झोपलेला आणि उभा असा दोन्ही वेळा मोजला. चार जणांचा उभे राहताच खाली येत होता. त्यांच्या गोळ्या बदलल्या आणि पलंगाच्या कडेला बसून दहा आकडे मोजल्याशिवाय उठायचे नाही, हा त्यांचा नियम ठरला. या सगळ्याचा खर्च फारसा आला नाही. इतकी वर्षे ‘सांभाळून’ म्हणणे त्याहून स्वस्त पडत होते, हेही खरे.

मेट्रोची कल्पना अजनीच्या काकांची. नागपुरात २०१९ मध्ये मेट्रो धावू लागली, तिचे खांब यांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले, पण आश्रमातले कोणीही तीत बसलेले नव्हते. ‘मी चाळीस वर्षं गाडीसोबत फिरलो,’ ते म्हणाले, ‘आणि घरासमोरची गाडी मला माहीत नाही.’ लोकमान्य नगर स्थानक आश्रमापासून जवळ. लिफ्ट आहे, गाडी वातानुकूलित आहे, तिकीट थोडे आहे. अडचण एकच होती: गाडी स्थानकात फार वेळ थांबत नाही, आणि दार बंद होण्याच्या आत जागेवरून उठून बाहेर पडता आले पाहिजे. म्हणजे पुन्हा खुर्चीच. दोन आठवडे व्हरांड्यात आम्ही खुर्च्यांचा डबा मांडला. काकू उद्घोषणा करत: ‘पुढील स्थानक सीताबर्डी, दरवाजे डावीकडे उघडतील’, आणि बादलीवर ठेका पडला की सगळ्यांनी दोन रेघांच्या मधून बाहेर पडायचे. जे राहतील ते पुढच्या स्थानकाला गेले, असा नियम. मिलवाले बाबा पहिल्या दिवशी पार शेवटच्या प्रजापती नगरपर्यंत गेले.

श्रावणातल्या एका सकाळी अकरा जण निघालो. अंबाझरीचा तलाव भरून काठोकाठ दिसत होता, आणि तो वरून, खिडकीतून सरकताना पाहून बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. जी माणसे या शहरात ऐंशी वर्षे राहिली, त्यांना शहराची छपरे कधी दिसली नव्हती. शंकरनगर कुठले, झाशी राणी चौक कुठला, यावर वाद झाले. कॉटन मार्केटच्या पुढे मिलवाले बाबा उभे राहिले. एम्प्रेस मिलच्या जागेवर आता मॉल आहे. ते काही वेळ पाहत राहिले. मला वाटले यांना वाईट वाटणार, आणि मी सांत्वनाची जुळवाजुळव करू लागले, तर ते म्हणाले, ‘बाई, मी दांडीले न पकडता उभा आहो, पाहून राहिल्या ना?’ गाडी वळणावर होती. मी पाहून राहिले होते. गुरुजींनी ती नोंद निळ्या शाईने केली.

वृद्धांना ‘नवा अनुभव’ द्यायचा म्हटला की तीर्थयात्रेची बस काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि तिला माझा विरोध नाही. पण त्या बसमध्ये त्यांना बसवून नेतात, उतरवतात, दर्शन घडवतात, पुन्हा बसवतात. मेट्रोत त्यांना आपले तिकीट आपण दाखवून फाटक उघडावे लागले, आणि ते पहिल्यांदा उघडले नाही, तेव्हा मागच्या कॉलेजच्या पोराने शिकवले. परतताना तेच फाटक इतवारीच्या आजींनी दुसऱ्या एका बाईंना उघडून दिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी तेरा वर्षांच्या मुलींच्या चेहऱ्यावर, उंच उडीची काठी न पडता राहिली की, पाहिला आहे.

गच्चीचा विषय परतीच्या वाटेवर निघाला. आश्रमाला मोठी गच्ची आहे. बावीस पायऱ्या, मध्ये एक चौक, एका बाजूला कठडा. किल्ली चौकीदाराकडे, कपडे वाळत घालणाऱ्या मावशींखेरीज वर कोणी जात नाही. काकू म्हणाल्या, ‘वरून अंबाझरी पाहिला, आता आमचीच गच्ची पाहायची आहे. कोजागरीला.’ लहानपणी भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत दारोदार भुलाबाईची गाणी म्हणत हिंडलेल्या या बायका. कोजागरीचे दूध गेली काही वर्षे त्या ट्यूबलाइटखाली पीत होत्या.

तयारीला दोन महिने मिळाले. आधी एक वीट, मग दोन विटा, मग खरी पहिली पायरी. चांगला पाय आधी वर, दुखरा पाय मागून. उतरताना दुखरा आधी. श्वास कोंडायचा नाही. चौकात खुर्ची ठेवायची. डॉक्टरांनी पाच जणांना साफ नाही म्हटले, सहा जणांनी स्वतःच नाही म्हटले, आणि त्यांच्यासाठी अंगणात चंद्र दिसेल अशा जागी खुर्च्या मांडायचे ठरले. व्यवस्थापकांनी कठड्याच्या समोरच्या भिंतीलाही दांडा बसवून दिला आणि त्या रात्री ते स्वतः थांबले.

अकरा जण वर गेले. काकू दहाव्या होत्या. तोपर्यंत त्यांचा खुर्चीचा आकडा सातवर आला होता, म्हणजे तक्त्याप्रमाणे त्या अजून धोक्यातच होत्या. चौकातल्या खुर्चीत त्या बसल्या नाहीत, नुसता हात ठेवून उभ्या राहिल्या. वर आटवलेले दूध होते, वारा होता, हिंगणा रस्त्यावरचे दिवे दिसत होते, आणि मेट्रोची एक रिकामी गाडी आतून उजळलेली अशी सरकत गेली. कोणीतरी भुलाबाईचे गाणे काढले. खाली अंगणातल्या बायकांनी ते उचलले, आणि थोडा वेळ वरची ओळ वर आणि खालची ओळ खाली असे चालले.

साडेदहा झाले. मावशी दोनदा येऊन गेल्या. मी म्हटले, ‘चला काकू, उतरू या.’

‘चढायचं शिकवलंस,’ काकू कठड्याला टेकून म्हणाल्या, ‘उतरायचं आम्ही काही अजून शिकून नाही राहिलो.’

हे खोटे होते. आठ वेळा सराव झाला होता. पण त्यांचे पाहून मिलवाले बाबाही पुन्हा खुर्चीत बसले, हातांची घडी छातीवर घालून. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर चढण्यापेक्षा वेगळा आणि अवघड ताण येतो, पाय थकलेले असतात आणि बहुतेक माणसे पायऱ्यांवर पडतात ती उतरतानाच, हे सगळे मला माहीत होते, त्यामुळे घाई करण्यात अर्थ नव्हता. मी दुधाचा दुसरा पेला घेतला. एकेकाला खाली आणायला आम्हाला त्यानंतर पाऊण तास लागला.